उंची पन्नास मीटर, वर पाहिजे

तर झालं असं, की जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात एका एडिटरचा फोन आला. व्हॅलेंटाइन इश्यूसाठी हजार शब्द हवेत, विषय 'जगातले सगळ्यात विचित्र डेटिंग गेम्स', डेडलाइन सोमवार सकाळ. फ्रीलान्सर माणूस 'नाही' म्हणत नाही, स्कूटीचा हप्ता जवळ आलेला असताना तर नाहीच. म्हटलं, डन! शुक्रवारी रात्री लॅपटॉप, मॅगी आणि ब्लँकेट घेऊन बसले.

आता विचित्र म्हणजे किती विचित्र असावं याला काही लिमिट? जपानच्या हातो मोआचा 'हातोफुल बॉयफ्रेंड' (२०११) घ्या. कबुतरांची शाळा, त्यात तुम्ही एकट्याच माणूस, आणि पटवायचं कबुतरांना. २०२१च्या 'बॉयफ्रेंड डंजन'मध्ये तुमच्या हातातली तलवारच तुमची डेट असते. आणि केएफसीवाल्यांनी २०१९मध्ये आपल्या कर्नल सँडर्सलाच हीरो करून डेटिंग गेम काढला होता. पांढऱ्या दाढीचे आजोबा नाहीत हं, तरुण, चिकणे कर्नल! मी पटापट नोट्स काढत होते. खूश होते. हजार शब्द काय, दोन हजार निघाले असते.

आणि मग 'काइचू' सापडला.

'काइचू : द काइजू डेटिंग सिम'. स्क्विडरशिन्स नावाच्या छोट्या स्टुडिओचा २०२२चा गेम. काइजू म्हणजे जपानी सिनेमातले ते इमारतीएवढे राक्षस, आपला गॉडझिला त्यांतलाच. या गेमची हीरोइन गिगाचू ही अशीच एक अवाढव्य पोरगी, आणि तिला प्रेम हवंय. बास, एवढीच स्टोरी. ती जगभर फिरते, दुसऱ्या राक्षसांना भेटते, आणि डेट कुठे? तर जगातल्या एकेका प्रसिद्ध स्थळी. डेट रंगली की ते स्थळ जमीनदोस्त! वर टीव्हीवरचे न्यूज अँकर या सगळ्याची लाइव्ह कॉमेंट्री करतात.

स्थळ! मराठी मुलीला हा शब्द दिसला की पोटात गोळा येतो की नाही, सांगा. मी रात्री एक वाजता एकटीच खोखो हसत सुटले. पलीकडच्या खोलीतून आईचा आवाज आला, "झोप गं आता."

ज्यांनी हे प्रकार कधी खेळले नाहीत त्यांच्यासाठी थोडं शास्त्र. व्हिज्युअल नॉव्हेल म्हणजे वाचायचा गेम. वर चित्र, खाली चौकटीत संवाद, आणि मधूनमधून दोन-तीन पर्याय. तुम्ही काय निवडता त्यावर गोष्ट वळते. डेटिंग सिम ही त्याचीच सख्खी बहीण, फक्त तिला मार्कांचं जास्त वेड. या बहिणीला जपानमध्ये घरोघरी नेलं ते कोनामीच्या 'तोकिमेकी मेमोरियल'ने, १९९४मध्ये. त्यात तुम्ही हायस्कूलचा पोरगा, तीन वर्षं हातात. अभ्यास, खेळ, कला, दिसणं, सगळ्याचे आकडे वाढवायचे, कारण शेजारची शिओरी फुजिसाकी सगळ्या विषयांत चांगले आकडे असल्याशिवाय भाव देत नाही. आणि एखाद्या मैत्रिणीकडे दुर्लक्ष केलंत तर तिच्या नावापुढे चक्क बॉम्ब दिसायला लागतो. तो फुटला की बाकीच्या सगळ्या जणी पण तुमच्यावर नाराज. म्हणजे एकीला दुखावलं की ती बातमी सगळीकडे! (आमच्या नातेवाइकांत हा बॉम्ब १९९४च्याही आधीपासून आहे.)

या गेम्समधली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. सेव्ह. अवघड प्रश्न आला की आधी सेव्ह करायचं. उत्तर चुकलं, समोरच्याचं तोंड पडलं, की परत मागे. कांदेपोह्यांना ही सोय असती तर!

बाय द वे, माझी उंची पाच फूट दहा इंच.

ही माहिती मी सहसा पहिल्या दहा मिनिटांत देत नाही, लोकांना दिसतेच. आठवीत मी पाच सातला होते. वर्गाच्या फोटोत कायम मागच्या रांगेत, तेही बाकावर न चढता. शाळेतलं नाव 'हिडिंबा'. शिडी, खांब, 'वर हवा कशी आहे?' हेही होतंच, पण हिडिंबा पक्कं बसलं. मग मी एक कला शिकले. एक पाय थोडा वाकवायचा, खांदे पुढे घ्यायचे, मान खाली. दीड इंच सहज कमी होतो. सगळ्या उंच मुलींना ही कला येते, बघा निरखून कधी. चप्पल सपाट. ग्रुप फोटोत कोपरा. माझे बाबा सहा फूट एक इंच होते. त्यांना लोक 'काय पर्सनॅलिटी आहे' म्हणायचे. तीच उंची माझ्यात उतरली तर लगेच 'प्रॉब्लेम'.

असो. तर गिगाचू. शुक्रवारी रात्री मी तिला घेऊन जग फिरत होते आणि एक गोष्ट हळूहळू लक्षात येत होती. या बाईला आपल्या साइजचं काहीच वाटत नाही. ती लाजते, गडबडते, चुकीचं उत्तर देते, सगळं करते. पण अंग चोरून बसत नाही. शहर तिला कमी पडतं, ती शहराला जास्त होत नाही.

शनिवारी लेखासाठी म्हणून गॉडझिलाचं वाचायला घेतलं आणि लेख बाजूलाच राहिला.

१९५४चा मूळ सिनेमा 'गोजिरा'. नाव गोरिला आणि कुजिरा, म्हणजे देवमासा, यांची भेळ. दिग्दर्शक इशिरो होंडा. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली होती, तिच्या राखेत एक जपानी मासेमारी बोट सापडली होती, तो सगळा धसका या राक्षसात उतरलाय. पण मला खिळवलं ते आकड्यांनी. गोजिराची उंची ५० मीटर. तेव्हा टोकियोतल्या इमारतींना ३१ मीटरची कायदेशीर मर्यादा होती. म्हणजे ५० मीटरवाला सगळ्यांच्या डोक्यावरून सहज दिसणार. पुढे मर्यादा उठली, टॉवर आले, आणि पन्नास मीटरवाला बिचारा त्यांच्यात हरवायला लागला. मग १९८४च्या सिनेमात त्याला ८० मीटर केला, १९९१मध्ये १००, आणि २०१६च्या 'शिन गॉडझिला'त ११८.५. आजूबाजूचं जग वाढलं म्हणून त्याची उंची वाढवत नेली. इथे आमच्या बाबतीत सगळा कारभार उलटा!

मी कॅल्क्युलेटर काढला. पन्नास मीटर म्हणजे माझ्या अठ्ठावीस पट. आता उंची अठ्ठावीस पट झाली तर वजन अठ्ठावीस पट होत नाही, लांबी-रुंदी-जाडी तिन्ही वाढतात, म्हणून अठ्ठावीसचा घन, जवळपास बावीस हजार पट. हाडांची ताकद मात्र त्यांच्या जाडीवर, म्हणजे फक्त वर्गाने वाढते. हा हिशेब गॅलिलिओने १६३८मध्येच मांडून ठेवलाय. थोडक्यात, पन्नास मीटरची पोरगी उभी राहताक्षणी स्वतःच्याच वजनाखाली कोसळेल. माझं वजन चौसष्ट किलो, त्याचे झाले चौदाशे टन. आणि गोजिराचं अधिकृत वजन? वीस हजार टन! त्याच्या शेजारी मी अगदीच बारीक, नाजूक, घरंदाज.

मग एक गोष्ट वाचली आणि हसू थांबलं. होंडा आपल्या राक्षसांविषयी म्हणायचे, की ही शोकांतिकेतली पात्रं आहेत. ती मुद्दाम वाईट वागत नाहीत. ती जन्मालाच फार उंच, फार ताकदवान, फार जड अशी येतात, आणि तेच त्यांचं दुर्दैव. फार उंच! म्हणजे गोजिरा रस्त्यावरून नुसता चालला तरी घरं पडतात. त्याचं चालणं हाच गुन्हा. होंडांच्याच १९६१च्या 'मोथरा'त तर अवाढव्य पतंगीण येते ती पळवून नेलेल्या दोन चिमुकल्या मुलींना सोडवायला. टोकियो टॉवरवर कोष विणते बिचारी. वाटेत शहराची वाट लागते, पण हेतू बघा ना.

अवाढव्य बायकांचं सिनेमात पुढे काय होतं तेही मग शोधलं. १९५८चा अमेरिकन 'अटॅक ऑफ द फिफ्टी फूट वुमन'. नॅन्सी नावाची श्रीमंत बाई, नवरा बाहेरख्याली. तिला परग्रहावरचा राक्षस भेटतो आणि ती पन्नास फुटांची होते. करते काय? तडक गावातल्या बारवर जाते, छप्पर उचकटते आणि नवऱ्याला मुठीत धरते. शेवटी विजेच्या तारांपाशी स्फोट होऊन ती मरते, मुठीत मेलेला नवरा. पन्नास फूट झाली तरी बाईने केलं काय, तर नवऱ्याला शोधलं!

आणि आमची हिडिंबा. शाळेत नाव ठेवणाऱ्या कुणालाही तिची गोष्ट धड माहीत नव्हती, मलाही नव्हती. लाक्षागृहातून निसटलेले पांडव जंगलात झोपलेत, भीम जागा आहे. भाऊ हिडिंब तिला सांगतो, जा, मारून आण. ती जाते आणि भीमावर तिचं मन बसतं. तीच पुढाकार घेते, तीच विचारते. भावाला भीम मारतो, कुंती आणि युधिष्ठिर लग्नाला होकार देतात, पण मुलगा होईपर्यंतच. घटोत्कच झाला, पांडव निघून गेले. आज मनालीत तिचं १५५३मधलं लाकडी देऊळ आहे आणि कुल्लूचा दसरा तिच्याशिवाय सुरू होत नाही. म्हणजे तिकडे देवी आणि आमच्या शाळेत शिवी. पण एक बारीकशी गोष्ट मला टोचली. भीमासमोर जायच्या आधी हिडिंबा रूप बदलते. सुंदर, मानवी, मापात बसणारं. खऱ्या रूपात तिने विचारलंच नाही.

गिगाचूला हे ऑप्शनच नाहीत. छोटं व्हायचं बटण त्या गेममध्ये कुठेही नाही. मी ही ओळ लेखासाठी लिहून ठेवली आणि तेवढ्यात आईने हाक मारली. तिच्या फोनमधून माझा बायोडेटा कुठल्याशा काकूंना जात नव्हता, पीडीएफ अडकत होती.

मी पीडीएफ उघडली. जन्मतारीख, जन्मवेळ, शिक्षण : बी.ए., मास कम्युनिकेशन. नोकरी : पत्रकार (फ्रीलान्स हा शब्द आईने गाळलेला, ते मला माहीत होतं). उंची : ५ फूट ८ इंच.

"आई, हे काय आहे?"

"काय?"

"पाच आठ?"

"अगं, दोन इंचांनी काय होतंय! समोर आल्यावर कोण टेप लावणारे?"

कोण टेप लावणार? मला एकदम गेल्या वर्षीचा मे महिना आठवला. बरा मुलगा होता तो. आयटीतला, वाचणारा, स्वतःच्याच विनोदावर आधी हसणारा. फोनवर दोनदा छान बोललो होतो. मग ते घरी आले. मी पोहे घेऊन बाहेर आले आणि खोलीत काहीतरी झालं. त्याची आई म्हणाली, "दोघं जरा शेजारी शेजारी उभे राहा बघू." उभे राहिलो. तो पाच नऊ. मी माझी कला वापरली, पाय वाकवला, खांदे पुढे. मुलगा नंतर माझ्याशी एक वाक्य बोलला नाही. निघताना त्याचे बाबा माझ्या आईला म्हणाले, "कळवतो." कळवलं नाही.

मला वाटलं होतं, मी काहीतरी चुकीचं बोलले. कितीतरी महिने मी ती दोन्ही फोन कॉल्स डोक्यात परत परत वाजवली. कुठलं उत्तर चुकलं? नोकरीबद्दल? मी जास्त हसले का? आणि आता कळलं की त्या खोलीत फक्त मलाच माहीत नव्हतं की कागदावर काय लिहिलंय. ते पाच आठ बघायला आले होते. त्यांना वाटलं असणार, या लोकांनी फसवलं. आणि तो मुलगा, त्याला वाटलं असणार, ही दोन दिवस छान बोलली आणि हिने एवढं पण खरं सांगितलं नाही.

मी खूप ओरडले. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. आई काहीच बोलली नाही, म्हणजे मग मला अजून राग आला. शनिवारची रात्र आमच्या घरात टीव्हीसुद्धा हळू आवाजात होता.

रविवारी दुपारी मी लेखाचे स्क्रीनशॉट काढत बसले होते. आई चहा घेऊन आली. कप ठेवला, गेली नाही.

"कार्टून बघतेयस?"

"काम आहे."

"ही कोण?"

"राक्षसीण आहे. तिला जोडीदार शोधतोय."

आईने चष्मा लावला, स्टूल ओढलं आणि बसली. "बायोडेटा कुठंय हिचा?"

मला हसू आलं, पण मी दाखवलं नाही. तिला समजावलं, की समोरच्याचा स्वभाव ओळखून उत्तर निवडायचं. आई म्हणाली, "हा जरा शिष्ट दिसतोय, याला फार गोड बोललेलं नाही चालायचं. ते दुसरं दाब." दाबलं. बरोबर. पुढचं, बरोबर. मी शुक्रवारी रात्री ज्याच्यापुढे दोनदा आपटले होते त्याला माझ्या आईने एका फटक्यात गार केला. पस्तीस वर्षं सासर, दोन नणंदा, एक चुलत सासरे. तिच्यापुढे 'तोकिमेकी मेमोरियल'ची शिओरी काय टिकणार!

मग पडद्यावर सगळं कोसळलं.

"अगं! पाडलं ना तिने!"

"तसंच करायचं असतं, आई."

"आणि तरी त्याला आवडली?"

"हो."

आई बराच वेळ पडद्याकडे बघत होती. मग म्हणाली, "माझ्या पत्रिकेबरोबरच्या कागदावर तुझ्या आजोबांनी 'निमगोरी' लिहिलं होतं." मी तिच्याकडे बघितलं. आई सावळी आहे. चांगली, तुकतुकीत सावळी. "लग्नानंतर पहिल्याच दिवशी तुझ्या आजीने हॉलमध्ये सगळ्यांसमोर म्हटलं, फोटोत उजळ वाटली होती. आजोबांनी काय लिहिलंय ते मला तेव्हा कळलं. मी आत जाऊन तोंड धुतलं. दोनदा."

"मग तू मला..."

"कळतंय गं. लिहिताना नाही आठवलं ते."

आता यावर काय बोलणार? मी लॅपटॉपवर मूळ फाइल उघडली आणि आठ खोडून दहा केलं. आईने मान पुढे करून बघितलं, 'पत्रकार'च्या आधी 'फ्रीलान्स' पण टाकायला लावलं. "एकदाच काय ते होऊ दे," म्हणाली. मग स्वतःच्या फोनवरून तीन ठिकाणी पाठवलं. एका काकूंचा लगेच रिप्लाय आला, नुसते जोडलेले हात. त्याचा अर्थ आम्ही दोघींनी बराच वेळ लावला, तो 'धन्यवाद' आहे की 'माफ करा', यावर एकमत झालं नाही. त्या आयटीवाल्या मुलालाही एक मेसेज टाइप केला मी. उंचीबद्दल, दोन ओळी. अजून ड्राफ्टमध्येच आहे. तिथे सेव्ह होतं ना!

लेख सोमवारी सकाळी गेला. एडिटरने गिगाचूचा परिच्छेद तीन ओळींवर आणला, कर्नल सँडर्स मात्र फोटोसकट छापला. चालायचंच.

पण ते नंतरचं. रविवारी संध्याकाळी मी त्या तीन ओळींसाठी अजून झटत होते तेव्हा स्वयंपाकघरातून आईने हाक मारली, की वरच्या फळीवरून पोह्यांचा डबा काढून दे, माझा हात पोचत नाही.

मी दारातच थांबले. "कोण येतंय?"

"कोणी नाही. आपल्या दोघींनाच करतेय."